सकाळच्या पहिल्या सेल्फला ऑइलचा दिवा रेंगाळतो: जुन्या डिझेल गाडीतलं दुखणं शोधायचं कसं

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की ऑइलचा लाल दिवा एक-दोन सेकंदांत विझायला हवा, फार तर तीन. तो सहा-आठ सेकंद जळत राहत असेल आणि तेवढ्या वेळात हेडमधून टॅपेटची टकटक किंवा टायमिंग चेनची खरखर येत असेल, तर बेअरिंगांना नवं ऑइल पोचत नाहीये. जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगात फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, आदल्या दिवशीची जी पातळ फिल्म चिकटून राहिलेली असते, तिच्यावरच क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) फिरतोय. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे बेअरिंगांवरचा भारही जास्त. टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट ऑइलवरच तरंगत फिरतो. म्हणून ‘थोड्या वेळाने विझतो ना, मग झालं’ असं म्हणून हे सोडून देऊ नका.

यावर दोन सल्ले हमखास मिळतात: जाड ऑइल टाका, नाहीतर पंप बदला. दोन्ही सल्ले प्रेशर न मोजता दिलेले असतात आणि पहिल्याने तर बरेचदा दुखणं वाढतं. काहीही उघडण्याआधी, काहीही विकत घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवायचं: प्रेशर कमी आहे, की ते उशिरा येतंय? ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि खर्चात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. उशिरा येणारं प्रेशर कधी फक्त एका फिल्टरने किंवा ओ-रिंगने (सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कडीने) बरं होतं. कमी असलेलं प्रेशर क्रँकपर्यंत नेऊ शकतं.

मुळात पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ढकललेल्या ऑइलला बेअरिंगांच्या बारीक फटींतून वाट काढावी लागते आणि त्या अडथळ्यामुळे प्रेशर उभं राहतं. फटी रुंदावल्या, ऑइल पातळ झालं किंवा मधेच कुठे गळती झाली, तर प्रेशर कमी. पंपाला सुरुवातीला ऑइलऐवजी हवा मिळाली किंवा फिल्टर आणि गॅलऱ्या (इंजिनातल्या ऑइलच्या वाटा) रात्रीत रिकाम्या झाल्या, तर प्रेशर उशिरा. तपासणीतल्या प्रत्येक पायरीला हेच डोक्यात ठेवायचं.

एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो. सुरू केल्यावर दहा सेकंदांत दिवा विझला नाही तर इंजिन बंद करा. दिवा जळत असताना ॲक्सिलरेटर दाबून ‘प्रेशर आणायचा’ प्रयत्न अजिबात करू नका, टर्बोची बेअरिंगं त्यातच जातात. आणि चालत्या गाडीत हा दिवा लागला तर जागच्या जागी सुरक्षित कडेला घेऊन इंजिन बंद करायचं. पुढच्या वळणापर्यंतसुद्धा न्यायची नाही. त्यापुढचा प्रवास टोइंगने.

आधी नोंद, मग पाना

पहिली तपासणी फुकट आहे. फोन डॅशबोर्डसमोर धरा, व्हिडिओ चालू करा आणि गाडी सुरू करा. दिवा किती सेकंदांनी विझला, आवाज कधी थांबला, हे नंतर शांतपणे मोजता येतं. अंदाजाने सांगितलेले सेकंद नेहमी चुकतात. हे चार वेळा करा: रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन पूर्ण गरम असताना बंद करून पाच मिनिटांनी, मग साधारण दोन तासांनी, आणि शक्य असेल तर दोन दिवस उभी ठेवल्यावर.

या नोंदींचा नीट अर्थ लावला तर निम्मं निदान इथेच होतं. पाच मिनिटांनी दिवा लगेच विझतो, दोन तासांनी थोडा रेंगाळतो, रात्रीनंतर बराच रेंगाळतो आणि दोन दिवसांनी त्याहून जास्त: ऑइल उभ्या गाडीत खाली उतरतंय. म्हणजे फिल्टरचा व्हॉल्व्ह किंवा पंपाच्या सक्शनची, म्हणजे ऑइल ओढण्याची, बाजू. याउलट सकाळी दिवा वेळेवर विझतो, पण गाडी तापल्यावर सिग्नलला उभी असताना लुकलुकतो: प्रेशर कमी आहे, संशय पातळ झालेल्या ऑइलवर आणि झिजलेल्या बेअरिंगांवर. थंडी पडली की उशीर वाढतो आणि उकाड्यात जवळजवळ जातो: ऑइलचा ग्रेड चुकीचा आहे किंवा पिकअपची (तळातून पंपापर्यंत ऑइल ओढणाऱ्या नळीची) ओ-रिंग कडक झाली आहे. थंड असताना अशी रिंग आक्रसते आणि हवा आत घेते, तापल्यावर पुन्हा बसते. आणि काहीच सूत्र सापडत नसेल, दिवा कधीही लागतो, कधीही विझतो, तर आधी स्विच आणि वायर बघा.

एक नमुना वेगळा आहे, तो लक्षात असू द्या. सुरू करताना सगळं ठीक, वेगात पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवली की दिवा लागतो, इंजिन बंद करून थोडं थांबलं की पुन्हा ठीक. हे पिकअपच्या तोंडाच्या जाळीत अडकलेल्या गाळाचं लक्षण आहे. ओढ चालू असताना कचरा जाळीला चिकटतो, ओढ थांबली की खाली पडतो.

डिपस्टिक नीट वाचा

पातळी सगळेच बघतात. डिझेल गाडीत पातळी वाढली आहे का हेही बघायला हवं. सर्व्हिसनंतर महिनाभरात ऑइल कमी न होता वर चढलं असेल, तर त्यात डिझेल मिसळतंय. जुन्या गाडीत ते गळक्या इंजेक्टरमधून येतं, काही इंजिनांत टॅपेट कव्हरच्या आत असलेल्या लीक-ऑफ पाइपमधून (इंजेक्टरचं जास्तीचं डिझेल परत नेणारी नळी) येतं, तर काहींत फीड पंपाचा डायफ्राम फाटल्यामुळे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत अर्धवट राहिलेल्या रीजनरेशनमुळेही, म्हणजे ती काजळी जाळून टाकण्याच्या प्रक्रियेमुळेही, हे होतं. डिझेलने पातळ झालेलं ऑइल प्रेशर धरत नाही, आणि अशा इंजिनात पंप बदलून काहीही हाती लागत नाही.

वास घ्या, पण फक्त वासावर विसंबू नका, कारण डिझेलचं ऑइल काजळीमुळे लगेच काळं होतं आणि त्याला स्वतःचा उग्र वास असतो. त्यापेक्षा डागाची चाचणी करा. गरम इंजिनातून डिपस्टिकने एक थेंब जाड फिल्टर पेपरवर किंवा ब्लॉटिंग पेपरवर टाका आणि कागद आडवा, हवेत लटकता ठेवून काही तास सोडा. चांगल्या ऑइलचा डाग मधून बाहेर हळूहळू फिका होत जातो. मधला काळा ठिपका कडक काठाचा, डांबरासारखा राहिला आणि त्याबाहेर काजळी पसरलीच नाही, तर ऑइलची काजळी धरून ठेवायची ताकद संपली आहे, चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यात) गाळ बसत असणार. काळ्या भागाबाहेर फिकट, पारदर्शक, तेलकट वर्तुळ रुंद पसरलं तर डिझेलचा संशय पक्का. हा प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे, पण कोणत्या बाजूने शोधायचं ते कळायला पुरतो.

ऑइल दुधाळ, तपकिरी दिसलं तर कूलंट मिसळतंय: हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर. फेस दिसला तर दोन शक्यता. एक, ऑइल मॅक्सच्या वर भरलंय आणि क्रँक ते घुसळतोय. दोन, पंप सक्शनमधून हवा घेतोय. जास्तीचं ऑइल डिझेलमध्ये आणखी एका कारणाने धोक्याचं आहे. ब्रीदरवाटे (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीवाटे) ते इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या वाटेत, ओढलं गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर बेफाम पळू लागतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही.

ऑइलच्या डब्यावरचे आकडे

१५डब्ल्यू-४० मधला ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. १०० अंश सेल्सिअसला ४० ग्रेडच्या ऑइलची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. म्हणजे जाड ग्रेड टाकल्यावर गरम आयडलचं (ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनाचं) प्रेशर खरंच वाढतं. पण सकाळी तेच जाड ऑइल पिकअपमधून वर चढायला जास्त वेळ घेतं. ज्या गाडीत प्रेशर उशिरा येतं तिच्यात १५डब्ल्यूच्या जागी २०डब्ल्यू टाकणं म्हणजे आजारावर उलटं औषध. दिवा दिवसभर गप्प बसतो, पण पहिल्या सुरुवातीची झीज वाढत राहते.

तेव्हा कंपनीच्या पुस्तकात त्या इंजिनासाठी जो ग्रेड आणि जे डिझेल स्पेसिफिकेशन दिलंय तेच ऑइल, योग्य फिल्टरसह, आधी भरा. मागच्या मालकाने काय भरलं होतं हे माहीत नसेल तर पुढची सगळी मोजमापं याच ताज्या ऑइलवर घ्या, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. जुन्या, कधी उघडून न पाहिलेल्या इंजिनात फ्लश मारून गाळ सोडवायचा मोह मात्र आवरा. सुटलेला गाळ थेट जाळीत जातो. त्यापेक्षा दोन-तीन ऑइल चेंज कमी अंतरावर करणं इंजिनाला झेपतं.

स्विच खोटं बोलतोय का?

दिव्याचा प्रेशर स्विच बहुतेक गाड्यांत साधारण ०.३ ते ०.६ बारला बदलतो. यातून दोन गोष्टी निघतात. दिवा जळतोय म्हणजे प्रेशर नाहीच असं नव्हे, स्विचही बिघडलेला असू शकतो. आणि दिवा विझला म्हणजे प्रेशर पुरेसं आहे असंही नव्हे, ते कसंबसं अर्ध्या बारवर असू शकतं. दुसरी गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात.

जुन्या साध्या वायरिंगमध्ये प्रेशर नसताना स्विच वायरला बॉडीशी जोडतो आणि दिवा लागतो. चावी ऑन, इंजिन बंद, स्विचची वायर काढा: दिवा विझायला हवा. वायर काढूनही तो जळत राहिला तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे, इंजिनाचा दोष नाही. कनेक्टरच्या आत ऑइल दिसलं तर स्विचचा डायफ्राम गेलाय, स्विच बदला. ज्या गाड्यांत सिग्नल ईसीयूमार्फत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमार्फत) जातो किंवा दोन प्रेशर स्विच असतात, तिथे वायर काढल्यावर उलटही घडू शकतं. तिथे वायरिंगचा नकाशा बघूनच ठरवा.

स्विच स्वस्त आहे म्हणून तो आधी बदलून टाकायला हरकत नाही, पण नव्या स्विचनेही दिवा रेंगाळला तर तिथेच थांबा आणि गेज लावा.

मेकॅनिकल गेज: खरं निदान इथे होतं

० ते १० बारचं साधं गेज, लवचिक होज आणि तुमच्या स्विचच्या आट्यांचा ॲडॅप्टर एवढंच लागतं. आटे गाडीगणिक वेगळे असतात. एम१० × १ आणि १/८ इंची टेपर ही दोन मापं वारंवार भेटतात आणि हाताला जवळजवळ सारखी लागतात. चुकीचा ॲडॅप्टर दोन फेरे सहज जातो आणि मग ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे खातो. म्हणून जुन्या स्विचवर पिच गेज लावून खात्री करा. होज एक्झॉस्ट, टर्बो आणि फॅन बेल्टपासून दूर बांधा. गरम ऑइलची होज टर्बोवर फुटली तर आग लागते.

पहिलं रीडिंग इंजिन सुरू न करता, फक्त सेल्फवर. त्यासाठी इंजेक्शन बंद करावं लागतं. जुन्या रोटरी पंपाच्या गाडीत स्टॉप सोलेनॉइडची वायर काढली की पुरतं, फक्त तिच्या टोकाला टेप लावा, कारण चावी ऑन असताना तिच्यात १२ व्होल्ट असतात. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनात) सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या पद्धतीनेच इंजेक्शन बंद करा, हाय प्रेशर पाइपला हात लावू नका. मग सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, असा सेल्फ मारा. धड इंजिनात काही सेकंदांत सुई जागची हलते. दहा सेकंदांच्या दोन फेऱ्यांनीही सुई शून्यावरच बसून असेल, तर पंपाला ऑइल मिळत नाहीये.

मग इंजेक्शन जोडा आणि थंड इंजिन सुरू करा. सुई कधी उठते आणि कुठे जाऊन थांबते, दोन्ही लिहा. थंड ऑइलवर आयडलला ३ ते ५ बार दिसणं सामान्य आहे. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप) बहुतेक इंजिनांत ४ ते ६ बारच्या दरम्यान उघडतो, त्यामुळे सुई त्यावर जात नाही. मग गाडी वीसेक मिनिटं चालवून आणा. पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नव्हे, ऑइलला ८०-९० अंशांवर पोचायला त्याहून जास्त वेळ लागतो. गरम आयडलला १ बारच्या आसपास आणि २००० आरपीएमला २ बार किंवा वर, हा ढोबळ अंदाज. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम.

आता उत्तर समोर येतं. सुई उशिरा उठते, पण एकदा उठली की थंड आणि गरम दोन्ही आकडे उत्तम: प्रेशर उशिरा येतंय, क्रँकला हात लावू नका. सुई वेळेवर उठते, थंड आकडा चांगला, गरम आयडल ०.५ बार: झीज किंवा पातळ ऑइल. थंड असतानाही सुई १.५-२ बारच्या पुढे जात नाही आणि आरपीएम वाढवूनही फारशी हलत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, पंप गेलाय किंवा जाळी तुंबली आहे. सुई सतत थरथरते, खासकरून पहिल्या मिनिटात: ऑइलबरोबर हवा येतेय.

प्रेशर उशिरा येत असेल तर

फिल्टरपासून सुरुवात करा. आडव्या किंवा उलट्या बसवलेल्या स्पिन-ऑन फिल्टरच्या आत रबरी झडप असते. तिला अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑइल चेंबरमध्ये परत जाऊ नये हे तिचं काम. साधं नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं आणि झडप बसत नाही. सिलिकॉनची झडप जास्त टिकते. तपासायला सोपं आहे: रात्रभर उभ्या गाडीचा फिल्टर सकाळी सुरू न करताच काढा. आडव्या बसलेल्या फिल्टरमधून जेमतेम चार चमचे ऑइल निघालं तर झडप निकामी आहे. तोंड वर असलेल्या फिल्टरमध्ये मात्र ऑइल तसंही राहतं, तिथे ही चाचणी काही सांगत नाही.

कार्ट्रिज फिल्टरच्या गाड्यांत दोष वेगळ्या ठिकाणी लपतो आणि तो बहुतेक वेळा आधीच्या सर्व्हिसमध्येच झालेला असतो. झाकण उघडून नीट बघा. काही इंजिनांत झाकणाला खाली लांब दांडा असतो आणि दांड्याच्या टोकाला एक-दोन बारीक ओ-रिंगा. काहींत एलिमेंटच्याच बुडाला एक बोंडी असते. दोन्हींचं काम एकच: हाउसिंगच्या तळाशी चेंबरकडे जाणारं जे छिद्र असतं ते बंद ठेवणं. फिल्टर बदलताना ऑइल खाली उतरावं म्हणूनच ते छिद्र दिलेलं असतं. नव्या फिल्टरच्या पाकिटात त्या बारीक रिंगा येतात, पण घाईत वरची मोठी रिंग बदलली जाते आणि टोकाच्या रिंगा पाकिटातच राहतात. मग रात्री हाउसिंग रिकामं होतं आणि इंजिन चालू असतानाही थोडं प्रेशर तिथून निसटत राहतं. दांड्याचं टोक बोटाने चाचपून बघा: रिंग खाचेच्या वर उठून लागली पाहिजे. खाचेबरोबर सपाट झाली असेल तर ती नसल्यातच जमा.

फिल्टर ठीक असेल तर पिकअपकडे वळा. चेंबरच्या तळातून ऑइल ओढणारी जाळीची नळी पंपाला जिथे जोडते, तिथे ओ-रिंग किंवा गॅस्केट असतं. ते कडक होऊन चपटं झालं की सुरुवातीला पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. पंप चेंबरच्या ऑइलमध्ये बुडालेला असेल तर हा त्रास कमी. पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, ऑइलच्या पातळीच्या वर असेल तर हा त्रास ठरलेला. ओपेल इन्सिग्नियाच्या २.० सीडीटीआय इंजिनात नेमकं हेच पिकअप सील कडक होतं. हे त्या इंजिनाचं सर्वांना माहीत असलेलं दुखणं आहे आणि त्यासाठी सुधारित सील मिळतं.

चेंबर न उघडता संशय पक्का करायची एक युक्ती आहे. ऑइल मिनच्या खुणेवर असताना सकाळचा वेळ मोजा, मग बरोबर मॅक्सपर्यंत भरून दुसऱ्या सकाळी पुन्हा मोजा. मॅक्सच्या वर नाही, कारण वर सांगितलंच आहे. उशीर ठळकपणे कमी झाला तर पिकअपची जोडणी आधी उघडी पडत होती आणि आता ऑइलखाली गेली आहे: दोष तिथेच. गाडी उतारावर नाक वर आणि मग नाक खाली करून, चाकांना ठोकळे लावून रात्रभर उभी ठेवली तरी असाच फरक दिसू शकतो. तपासणी झाल्यावर हाच उपाय म्हणून चालवत राहू नका. सील कडकच होत जाणार.

प्रेशर कमी असेल तर

इथे सोप्याकडून अवघडाकडे जायचं. रिलीफ व्हॉल्व्ह बाहेरून काढता येत असेल तर तो पहिला. एक प्लंजर, एक स्प्रिंग, एक बूच. प्लंजरवर कार्बनचा कण अडकला की तो उघडाच राहतो आणि ऑइल बेअरिंगांकडे जाण्याऐवजी चेंबरमध्ये परत पडतं. प्लंजर स्वतःच्या वजनाने भोकात सरकला पाहिजे. बारीक ओरखडे १२०० नंबरच्या पेपरवर ऑइल लावून हलकेच काढता येतात, खोल असतील तर प्लंजर बदला. स्प्रिंग ताणणं किंवा तिच्यामागे वॉशर टाकणं हा उपाय नाही. त्याने रिलीफ उघडण्याचा कमाल आकडा वाढतो, गरम आयडलचं प्रेशर तिथेच राहतं आणि थंड इंजिनात फिल्टरची सील फुटायचा धोका वाढतो.

मग जुना फिल्टर कापून बघा. हॅकसॉने नको, त्याचाच बुरा आत पडतो. फिल्टर कटर वापरा. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. लोहचुंबकाला चिकटणारे कण क्रँक, कॅम, चेन किंवा पंपाचे. चुंबकाला न चिकटणारी तांबूस, पितळी चमक बेअरिंगच्या आतल्या थराची. रुपेरी पण न चिकटणारे कण पिस्टनचे किंवा बेअरिंगच्या वरच्या थराचे. तांबूस चमक घडीघडीत दिसत असेल तर गाडी चालवणं थांबवा.

त्यानंतर चेंबर उतरवा. जाळीत काय अडकलंय ते टाकण्याआधी नीट बघा, कारण कचरा स्वतःचा उगम सांगतो. रबरासारखे निळे किंवा लाल तुकडे: मागे कुणीतरी सीलंट सढळ हाताने लावलंय. कडक काळे खडे: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गळतोय, जळका गॅस टॅपेट कव्हरखाली येतोय आणि तिथे कार्बन जमून खाली पडतोय. असं असेल तर जाळी साफ करून काम संपत नाही, ते वॉशर बदलल्याशिवाय जाळी पुन्हा तुंबणार आणि टर्बोचा बारीक ऑइल पाइप तिच्याआधी तुंबणार.

चेंबर उघडाच आहे तर पंप आणि त्याची चाल दोन्ही बघा. पंपाच्या गिअरवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज सरकवा. कित्येक पंपांत ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या पुढची फट झिजेची खूण असते. पंप चांगला असूनही त्याला फिरवणारा भाग गेलेला असू शकतो. फोक्सवॅगन गटाच्या बॅलन्स शाफ्ट असलेल्या काही २.० टीडीआय पीडी (प्रत्येक सिलिंडरला पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या) इंजिनांत पंप चालवणारा छोटा षट्कोनी शाफ्ट कडांवर झिजून गोल होतो आणि एक दिवस सुटतो. मग पंप जागचा हलतच नाही. हा दोष डोळ्यांनी दिसतो, शाफ्ट बाहेर काढून कडा बघाव्या लागतात.

डिझेलमध्ये आणखी एक जागा आहे, पिस्टनखालचे कूलिंग जेट. ब्लॉकमध्ये बसवलेल्या या बारीक नळ्या पिस्टनच्या बुडावर ऑइल उडवतात. एखादा जेट तुटला, सैल झाला किंवा त्याची स्प्रिंग गेली तर मुख्य गॅलरीतलं ऑइल तिथूनच वाहून जातं. टॉर्च घेऊन प्रत्येक जेट जागेवर घट्ट आहे का ते बघा.

शेवटी बेअरिंगं. बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) आणि मेनच्या (क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथल्या) एकेका कॅपला खोलून, शेल म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या बघून, प्लास्टिगेजने (दाबली गेल्यावर फट दाखवणारी प्लास्टिकची बारीक दोरी) फट मोजा. ५० मिलिमीटरच्या जर्नलला साधारण ०.०५ मिलिमीटर फट हा ठोकताळा, मर्यादा मॅन्युअलप्रमाणे. राखाडी शेलवर तांबूस रंग उघडा पडला असेल तर वरचा थर गेला. कॅप ज्या सिलिंडरची त्याच सिलिंडरला, त्याच दिशेने परत बसली पाहिजे, म्हणून काढण्याआधी खुणा करा. स्ट्रेच बोल्ट (घट्ट करताना ताणले जाणारे) पुन्हा वापरू नका. जर्नलवर नखाला ओरखडा लागत असेल तर नुसती शेल बदलून ती थोडेच दिवस टिकतील, क्रँक ग्राइंडिंगला जायलाच हवा.

ठोक्याचा आवाज कोणत्या सिलिंडरचा हे शोधायला जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला करायची पद्धत आहे. कॉमन रेलला ती चुकूनही वापरू नका. त्या पाइपात हजार बारच्या वर प्रेशर असतं आणि तिथून निघालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब शस्त्रक्रिया लागणारी ती दुखापत आहे.

परत जोडताना

पिकअपची नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवा, कोरडी ढकलली की ती कापली जाते. नळीच्या फ्लँजला तडा आहे का ते बघा, वाकडा फ्लँज नवी रिंगही घट्ट धरत नाही. चेंबरला सीलंट लावायचं असेल तर बारीक, सलग रेघ पुरे. पंप उघडला असेल तर जोडण्याआधी गिअरांमध्ये स्वच्छ इंजिन ऑइल भरा. कोरडा पंप हवाबंद पकड धरत नाही आणि ऑइल वर ओढू शकत नाही. फिल्टरचं तोंड वर असेल तर तोही भरून लावा. काही इंजिनांत ऑइल बराच वेळ काढून ठेवलं तरी पंप कोरडा पडतो, म्हणून ड्रेन बूच काढून गाडी रात्रभर तशीच सोडू नका.

पहिल्यांदा सुरू करताना पुन्हा इंजेक्शन बंद ठेवून, गेज लावून, दहा-दहा सेकंदांचा सेल्फ आणि मधे मिनिटभर विश्रांती, सुई हलेपर्यंत. सुई हलली की मगच इंजेक्शन जोडून इंजिन सुरू करायचं आणि सुरुवातीची दोन मिनिटं आयडललाच ठेवायचं. मग थंड आणि गरम, दोन्ही रीडिंग आधीच्याच पद्धतीने पुन्हा घ्या आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड यांसह सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवा. स्विच परत लावल्यावर दुसऱ्या सकाळी तोच व्हिडिओ पुन्हा काढा. बेअरिंगचं काम केलं असेल तर पाचशे किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टरही कापून बघा.